कमी बटणांचा दिवा: प्रवाळांच्या टाकीवर रेड सी रीफएलईडी ९०

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या बैठकीच्या खोलीत २४ इंच लांब, २४ इंच रुंद आणि २० इंच उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. खडक आणि वाळू वजा केली तर तिच्यात जेमतेम १६० लिटर पाणी मावते. दोन क्लाउनफिश, एक गोबी जातीचा छोटा मासा आणि थोड्या गोगलगायी सोडल्या तर टाकी प्रवाळांचीच आहे: वाळूलगत दगडी सांगाडा नसलेले झोअँथिड आणि मशरूम, मधल्या उंचीवर यूफिलिया कुळातले टॉर्च व हॅमर, आणि खडकाच्या माथ्यावर मॉन्टिपोराच्या दोन चकत्या व अ‍ॅक्रोपोराची एक छोटी फांदी. या सगळ्यांवर दीड वर्षापासून रेड सी या कंपनीचा रीफएलईडी ९० हा एकच दिवा आहे. तो बाजारातला सर्वांत प्रखर दिवा नाही, सर्वांत स्वस्तही नाही, आणि त्याच्या अ‍ॅपमध्ये रंगांशी खेळायला फारशी सोय नाही. यातली तिसरी उणीव हाच त्याचा मोठा गुण आहे, असे माझे मत आहे, आणि ते मत कसे बनले हे सांगण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

प्रवाळांच्या टाकीत दिवा शोभेसाठी नसतो. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशावर साखर बनवते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणजे दिवा निवडताना आपण या शैवालाचे जेवण निवडत असतो. या शैवालातली रंगद्रव्ये प्रामुख्याने जांभळा आणि निळा प्रकाश शोषतात, ढोबळमानाने ४०० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला. स्वच्छ समुद्रात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच विरतो आणि निळा खोलवर पोचतो, त्यामुळे प्रवाळांची सारी घडण निळ्याच्या अंगाने झालेली आहे. निळा प्रकाश पडल्यावर त्यांच्या अंगातली प्रथिने हिरवी, नारिंगी, लाल चमकतात, ते दृश्य पाहूनच बहुतेक जण या छंदात पडतात. (प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे डीएसरेड हे लाल चमकणारे प्रथिन १९९९ साली ज्या डिस्कोसोमातून मिळाले, ते आपल्या टाकीत खडकाला चिकटून बसणारे साधे मशरूमच आहे.)

माझा पहिला दिवा आंतरजालावरून मागवलेला एक काळा पेटारा होता. त्याचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण तोच पेटारा निरनिराळ्या नावांनी विकला जातो. त्यावर ‘१६५ वॅट’ असे लिहिलेले होते, प्रत्यक्षात सॉकेटला लावलेल्या वीजमापकावर १०५ ते ११० वॅट दिसत होते. त्याला दोन गोल बटणे होती, एक निळ्यासाठी आणि एक पांढऱ्यासाठी, आणि दोन्ही फिरवताना किती फिरवावीत याचा कसलाच अंदाज मला नव्हता. मी डोळ्यांना बरे वाटेल तेवढे पांढरे ठेवले. आठ दिवसांत हॅमरचे गोंडे आखडले, तीन आठवड्यांत तो पांढराफटक पडला. प्रवाळाने आपले शैवाल बाहेर टाकले होते. दोष दिव्याचा जेवढा होता त्याहून अधिक माझा होता, कारण डोळा हे प्रकाश मोजण्याचे साधन नाही, विशेषतः निळ्या प्रकाशाचे. आपली नजर हिरव्याला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत तीव्र असते. लक्स मोजणारा साधा मीटर किंवा मोबाइलमधले अ‍ॅपही माणसाच्या नजरेला धरूनच बनवलेले असते. निळ्या दिव्याखाली ती दोन्ही साधने भरपूर प्रकाशाला अंधुक म्हणतात, आणि मग माणूस आणखी वाढवतो.

दुसरा दिवा घेताना म्हणून मी चार महिने घाई केली नाही. मेटल हॅलाइड या प्रखर, तापणाऱ्या दिव्यांचा विचार प्रथम बाद झाला. त्या दिव्याने पाण्याच्या तळाशी पडणारी प्रकाशाची नाचती जाळी आजही मला सर्वांत सुंदर वाटते, परंतु २५० वॅटचा एक दिवा आणि त्याचा बॅलास्ट (दिव्याची वीज सांभाळणारा डबा) बैठकीच्या खोलीत उष्णता ओतत राहतो आणि उन्हाळ्यात पाणी थंड करणारा चिलर घ्यावा लागतो. टी-५ म्हणजे बारीक ट्यूबलाइटच्या नळ्यांचा प्रकाश सर्वांत समान पसरतो आणि सावल्या पडू देत नाही. फांद्याफांद्यांचे अ‍ॅक्रोपोरा वाढवणारे अनेक जुने लोक आजही त्याच वापरतात. पण त्या नळ्या दर नऊ-बारा महिन्यांनी बदलाव्या लागतात, आणि युरोपीय संघाने २०२३च्या ऑगस्टपासून सर्वसाधारण उजेडासाठीच्या नव्या टी-५ नळ्या बाजारात आणणे बंद केल्यावर हा मार्ग पुढे अरुंद होत जाणार हे उघड होते. राहिले एलईडी. त्यात एक्वाइल्युमिनेशनचे प्राइम आणि हायड्रा, इकोटेकचे रेडिऑन, केसिलचे गोल दिवे आणि रेड सीचे रीफएलईडी ही नावे पुन्हा पुन्हा समोर येतात. हे सगळे दिवे प्रवाळ वाढवतात. ज्याच्या टाकीत प्रवाळ वाढत नाहीत, त्याने या यादीतला एक काढून दुसरा घेतल्यास चित्र बदलेल, असे मला वाटत नाही.

मग निवड कशावर करायची? माझ्यासाठी प्रश्न एकच होता: मी चूक करण्याच्या किती जागा विकत घेतो आहे. प्राइम, हायड्रा किंवा रेडिऑन यांत अतिनील, जांभळा, गडद निळा, निळा, हिरवा, लाल आणि पांढरा अशा प्रत्येक रंगाचे स्वतंत्र नियंत्रण मिळते. ज्याला काय करायचे ते ठाऊक आहे त्याच्या हाती ते उत्तम हत्यार आहे. माझ्यासारख्याच्या हाती मात्र ती संध्याकाळची करमणूक होते, आणि आज लाल थोडा वाढव, उद्या हिरवा कमी कर असे करता करता महिनाभरात प्रवाळाला एकही दिवस आदल्या दिवसासारखा मिळत नाही. लाल रंगाबद्दल तर सावधच राहावे. २०१४ साली प्लॉस वन या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावर लाल प्रकाशाचा प्रतिकूल परिणाम नोंदवला गेला होता.

रीफएलईडी ९० मध्ये निळा आणि पांढरा असे दोनच मुख्य भाग आहेत आणि रात्रीसाठी चांदण्याचा एक छोटा भाग. कंपनीने निळ्या भागात जांभळ्यापासून निळ्यापर्यंतच्या निरनिराळ्या डायोडांचे प्रमाण आधीच ठरवून ठेवलेले आहे. त्या भागाला ती २३,००० केल्विन म्हणते आणि पांढऱ्याला ८,००० केल्विन (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर). वापरणाऱ्याने या दोन टोकांमधला एक रंग निवडायचा, किती टक्के तीव्रता हवी ते सांगायचे, दिवस कधी सुरू होतो आणि कधी मावळतो ते ठरवायचे. एवढेच. निळा भाग हा प्रवाळाच्या जेवणाचा, पांढरा भाग मुख्यतः आपल्या डोळ्यांचा, अशी ही सरळ वाटणी आहे, आणि ती समजल्यावर दिव्याशी भांडण उरत नाही. पांढरा कमी-जास्त केला तरी निळा जागेवर राहतो. रंगाच्या हौसेत प्रवाळाची उपासमार होण्याचा धोका त्यामुळे पुष्कळ घटतो.

मी दिवसभर २०,००० केल्विनच्या जवळपास ठेवतो आणि पाहुणे आले की थोडा वेळ १५,००० वर आणतो. माझे आईवडील मालवणचे, पहिल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर टाकी दाखवली तेव्हा आई म्हणाली, “अरे, हे पाणी एवढं निळं कसं? शाई सांडल्यासारखं दिसतंय.” तिचे म्हणणे तिच्या जागी बरोबर होते. तारकर्ली-मालवणला पाण्यात डोके घातले तर हिरवट, गढूळ उजेड दिसतो, आणि तिथले पोरायटीससारखे प्रवाळ त्या मंद उजेडात जगतात. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य झाले ते याच पाण्यात. मला मात्र त्यातून एक उपयोगी गोष्ट उमजली: प्रवाळाला लखलखाट लागतोच असे नाही, त्याला रोजचा ठरलेला उजेड लागतो. आईच्या समाधानासाठी रंग थोडा पांढऱ्याकडे सरकवला, तो तसाच राहिला, आणि माशांचे खरे रंग दिसू लागल्याने मलाही तोच आवडू लागला.

याच संदर्भात खरेदीची एक सूचना. दुकानात किंवा विक्रेत्याच्या छायाचित्रात प्रवाळ नेहमी गडद निळ्या दिव्याखाली दाखवतात, त्यामुळे दहा डॉलरचा तपकिरी तुकडाही रत्नासारखा चमकतो. दुकानदाराला पाच मिनिटे पांढरा दिवा लावायला सांगावे. चांगला दुकानदार कुरकुर न करता लावतो.

दिवा बसवण्याचे काम मी एका शनिवारी दुपारी केले. टाकीच्या मागच्या काचेला अडकवायचा आधाराचा हात वेगळा विकत घ्यावा लागतो, ते किंमत मोजताना ध्यानात धरावे. दिव्याची उंची हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. खाली ठेवला तर मधोमध प्रखर झोत आणि कोपऱ्यांत अंधार; वर नेला तर प्रकाश पसरतो, पण त्याचा काही भाग टाकीबाहेर, सोफ्यावर बसलेल्यांच्या डोळ्यांत जातो. मी पाण्यापासून २० सेंटिमीटरवर सुरुवात केली आणि शेवटी २५ सेंटिमीटरवर थांबलो. दिवा समपातळीत आहे का ते लेव्हलने पाहिले, कारण दोन अंशांचा कल डोळ्यांना दिसत नाही, मीटरला दिसतो. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवली, म्हणजे वायरीवरून ओघळणारे खारे पाणी सॉकेटपर्यंत न पोचता तळाशीच टपकते. खाऱ्या पाण्याच्या टाकीचा सगळा वीजपुरवठा विजेची गळती ओळखून बंद पडणाऱ्या सॉकेटवरच हवा, यात काटकसर करू नये.

आता मोजमापाकडे येतो, कारण माझ्या मते दिव्याची निम्मी किंमत इथे वसूल होते. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश पार या मापाने मोजतात. तो दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रकाशकणांचा आकडा असतो, एकक मायक्रोमोल. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर तो २,००० च्या घरात जातो, पण घरच्या टाकीत त्याच्या आसपासही जायचे नसते. छंदातल्या लोकांचा सर्वसाधारण अनुभव असा की मशरूम आणि झोअँथिडना ५० ते १००, यूफिलियासारख्या मोठ्या पॉलिपांच्या (म्हणजे मोठ्या आकाराच्या प्रवाळजीवांच्या) प्रवाळांना ८० ते १५०, आणि मॉन्टिपोरा-अ‍ॅक्रोपोरांना २०० ते ३५० पार पुरतो. मी अ‍ॅपोजी कंपनीचा एमक्यू-५१० मीटर शनिवार-रविवारपुरता भाड्याने आणला. त्याचा संवेदक साधारण ३८९ ते ६९२ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश मोजतो, त्यामुळे निळ्या दिव्यांखाली तो फसत नाही, आणि पाण्याखाली संवेदकाचे वाचन जेवढे घटते त्याची दुरुस्ती मीटरमध्येच केलेली आहे. एका मीटरची किंमत पाहता तो विकत घेणे बहुतेकांना परवडणार नाही; भाड्याने किंवा एखाद्या छंदमंडळाकडून उसना मिळाला तर पुरे.

मोजण्याआधी पाण्याचे पंप बंद केले, कारण हलत्या पृष्ठभागाखाली आकडा सतत वरखाली होतो, आणि नंतर ते सुरू करून तीच जागा पुन्हा मोजली. कागदावर टाकीचा वरून दिसणारा नकाशा काढून नऊ चौकोन केले, आणि प्रत्येक चौकोनात वाळूवर, मध्ये आणि खडकाच्या माथ्यावर अशी तीन-तीन वाचने घेतली. दिवा ७० टक्क्यांवर असताना माझ्या टाकीत खडकाच्या माथ्यावर मधोमध २२० च्या आसपास, वाळूवर मधोमध ११० च्या आसपास, आणि वाळूच्या चारही कोपऱ्यांत ५० ते ६० असे आकडे आले. टाकीतून मासे उडी मारू नयेत म्हणून जी जाळी झाकली होती, ती काढली की प्रत्येक आकडा थोडा चढत होता. या एका कागदाने मला जे शिकवले ते महिनाभर वाचून कळले नव्हते: टाकीत एक ‘प्रकाश’ नसतो, सावल्या आणि उजेडाचे वेगवेगळे वाडे असतात, आणि प्रवाळ विकत घेण्याआधी त्याचा वाडा ठरलेला असला पाहिजे. हॅमर ज्या कोनाड्यात मला शोभून दिसत होता तिथे खडकाच्या पुढे आलेल्या भागामुळे जेमतेम ४० पार होता. त्याला चार इंच पुढे आणले.

एवढे सगळे करूनही मी एक चूक केलीच, आणि ती निखळ माझी होती. दिव्याच्या अ‍ॅपमध्ये नव्या दिव्याची सवय लावण्याची सोय आहे. आपण दिवसांची संख्या द्यायची आणि दिवा कमी तीव्रतेपासून रोज थोडा थोडा चढत जातो. पहिल्या वेळी मी ती नीट वापरली, निम्म्या तीव्रतेपासून सहा आठवड्यांत ७० टक्क्यांवर आलो, आणि एकही प्रवाळ नाराज झाला नाही. सात महिन्यांनी एका ओळखीच्या गृहस्थांकडून मॉन्टिपोराची एक चकती आणली, जी त्यांच्याकडे टाकीच्या तळाशी सावलीत वाढलेली होती, आणि ती थेट माथ्यावर, २२० पारच्या जागी चिकटवली. दिवा जुनाच होता, त्याला सवय लावायची काय, असा माझा विचार. पण सवय दिव्याला नाही, प्रवाळाला लागते. दहा दिवसांत चकतीची वरची बाजू फिकट पडली आणि कड पांढरी झाली. तिला वाळूजवळ नेले, दोन महिन्यांत रंग परतला, आणि मग तीन टप्प्यांत तिला वर चढवली. आता ती हाताच्या पंजाएवढी आहे. जास्त उजेडात प्रवाळ फिका पडतो आणि आखडतो. कमी उजेडात तपकिरी होतो आणि मान ताणून दिव्याकडे झुकतो. मात्र तपकिरी रंग पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढल्यानेही येतो, म्हणून लगेच दिवा वाढवण्याआधी पाणी तपासावे.

माझ्या टाकीचा दिवस दुपारी १२ ला उगवतो आणि रात्री १० ला मावळतो, कारण मी कामावरून संध्याकाळी येतो आणि अंधारी टाकी पाहण्यात मला रस नाही. प्रवाळांना घड्याळ कळत नाही, नियमितपणा कळतो. पहिले आणि शेवटचे दोन तास चढउताराचे, मधले सहा तास पूर्ण. चांदण्याचा दिवा मी तासाभरानंतर बंदच ठेवतो. निसर्गात प्रवाळांच्या सामूहिक प्रजननाशी चंद्राचे नाते आहे हे खरे, पण माझ्या बैठकीच्या खोलीत तशी अपेक्षा नाही. ढग सरकल्यासारखा उजेड कमी-जास्त करण्याची सोय एकदा पाहिली आणि बंद केली.

विजेचा हिशेब सोपा आहे. दिवा ७० टक्क्यांवर साठेक वॅट घेतो, चढउतार धरून दिवसाला अर्धा युनिट. युनिटला २० सेंट धरले तर महिन्याला तीन डॉलर. २५० वॅटचा मेटल हॅलाइड आठ तास जाळला असता तर दिवसाला दोन युनिटांच्या वर गेले असते, चिलर वेगळाच.

आता उणिवा. या दिव्याला पंखा आहे; रात्री खोली शांत असताना तो ऐकू येतो, पण पाण्याचा आवाज त्याहून मोठा असतो. अ‍ॅपला २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय लागते, आणि ज्यांच्या घरी वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाने चालतात त्यांना जोडणी करताना थोडी खटपट करावी लागू शकते. लहानशा पृष्ठभागातून प्रकाश येत असल्याने उंच खडकामागे सावली पडते, जी टी-५ नळ्यांखाली पडली नसती; पण हा दोष या एका दिव्याचा नसून अशा सर्वच एलईडी दिव्यांचा आहे. आणि दिव्याची मर्यादा कंपनी स्वतःच सांगते: साधारण ६० बाय ६० सेंटिमीटरचा चौरस. ज्यांची टाकी तीन फुटांची आहे त्यांनी एकच दिवा वर टांगून भागवू नये, आणि ज्यांना टाकीभर केवळ अ‍ॅक्रोपोरा हवेत त्यांना २४ इंचांवरही दोन लागतील. माझ्या टाकीत अ‍ॅक्रोपोराची फांदी जगते, हळू वाढते, पण तिची टोके ज्या निळ्या रंगासाठी मी ती घेतली त्या रंगाची अजून झालेली नाहीत.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, तसेच समुद्रपंखे आणि काळे प्रवाळ भारतात संरक्षित आहेत, आणि समुद्रातून तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे, मग तो विजयदुर्गसमोरच्या आंग्रिया बँकेतला असो की मन्नारच्या आखातातला. परदेशातून येणारे कठीण प्रवाळही आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्याशिवाय आणता येत नाहीत. पुण्या-मुंबईतल्या दुकानात कोणी ‘समुद्रातलाच आहे, ताजा आहे’ असे सांगून दगडी प्रवाळ देऊ करत असेल, तर दिव्याचा विचार करण्याआधी तिथून बाहेर पडावे. मशरूम आणि झोअँथिडची टाकी करायची असेल, तर या ९० वॅटच्या दिव्याचीही गरज नाही. कंपनीचा ५० वॅटचा लहान भाऊ, किंवा दुसऱ्या कुठल्याही चांगल्या कंपनीचा त्या शक्तीचा दिवा पुरेसा होईल. वाचलेल्या पैशांतून मुंबईच्या एप्रिल-मेसाठी चिलर घ्यावा, कारण तिथे प्रवाळ अंधाराने नव्हे, उकाड्याने मरतात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दिवा बंद करून थंड होऊ देतो, खालच्या काचेवर साचलेले मीठ साध्या पाण्याने भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसतो आणि पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशने काढतो. गेल्या हिवाळ्यात तीन महिने हे राहून गेले आणि मीटर पुन्हा भाड्याने आणला तेव्हा माथ्यावरचा आकडा २२० वरून १९० वर आलेला होता. काच पुसल्यावर तो परत २१५ झाला.